जेनेटिक्सचं पहिलं पुस्तक कुठलं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजं सुरू झाली की झूलॉजी, बॉटनी, बायोटेक, मायक्रो आणि अ‍ॅग्रीची मुलं-मुली हेच प्रश्न पाठवत राहतात, कधीकधी त्यांचे आईबाबा पण विचारतात कारण पुस्तकं महाग असतात आणि एकदा घेतलं की घेतलं. म्हणून सगळे प्रश्न एकत्र करून उत्तरं लिहून ठेवतेय. सुरुवातीचे सोपे आहेत, गुंतागुंतीचे शेवटी आहेत.

१. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर कुठलं घेऊ?

बेंजामिन पिअर्स यांचं 'जेनेटिक्स: अ कन्सेप्च्युअल अप्रोच'. विषय पहिल्यांदाच हातात घेताय, घरी विचारायला कोणी नाही, इंग्रजी वाचायला जरा वेळ लागतो, यातलं एक जरी तुम्हाला लागू असेल तरी हेच घ्या. भाषा सरळ आहे, प्रत्येक प्रकारचं गणित आधी सोडवून दाखवलंय आणि मगच तुम्हाला दिलंय, शिवाय निवडक प्रश्नांची उत्तरं मागे आहेत. आधीच विषयाची गोडी लागली असेल आणि डोकं खाजवायची तयारी असेल तर मात्र प्रश्न ४ बघा, तिथे वेगळं नाव सांगितलंय.

२. आमच्या सिलॅबसचं छोटं पुस्तक बाजारात मिळतं, मॅडमच्या नोट्स पण आहेत, मग हजार पानांचं पुस्तक कशाला?

पास व्हायला लागत नाही, खरंच लागत नाही. सेमिस्टर पॅटर्नमध्ये दोन-तीन क्रेडिटचा पेपर असतो, त्यात मोनोहायब्रिड, डायहायब्रिड (एका किंवा दोन गुणांचे संकर), एपिस्टॅसिस (एक जीन दुसऱ्याचा परिणाम झाकतो तो प्रकार) यांची रेशो लिहिली, क्रोमोझोमच्या अ‍ॅबरेशनची (बिघाडांची) चित्रं काढली की मार्क मिळतात. पण ते छोटं पुस्तक तुम्हाला फक्त निकाल देतं, ९:३:३:१ किंवा ९:७ किंवा १२:३:१, आणि हे आकडे कोणाला, कुठल्या क्रॉसमधून (संकरातून), किती झाडं मोजून मिळाले आणि त्यांच्यावरून त्याने आत काय घडतंय हे कसं ओळखलं ते सांगत नाही. जेनेटिक्स म्हणजे तेच ओळखणं आहे. बाहेरून दिसणारी संतती मोजायची आणि आत न दिसणाऱ्या जीनबद्दल बोलायचं, हे ज्याला एकदा जमलं त्याला रेशो पाठ करावे लागत नाहीत, परीक्षेत नवीन डेटा आला तरी तो घाबरत नाही.

म्हणून सिलॅबसचं पुस्तक ठेवा, परीक्षेच्या आधी आठवडाभर तेच कामाला येतं. पण वर्षभर जवळ एक मोठं पुस्तक असू द्या, ज्यातले प्रॉब्लेम तुम्ही पेन्सिल घेऊन सोडवाल. विकतच घ्यायला हवं असं नाही, लायब्ररीच्या बुक बँकेतून सेमिस्टरभर मिळालं तरी चालेल.

३. लायब्ररीत किंवा दुकानात उभ्या उभ्या पुस्तक चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं?

मेंडेलचा चॅप्टर उघडू नका, तो सगळ्यांचा बरा असतो. लिंकेज (एकाच क्रोमोझोमवरचे जीन एकत्र वारशात जाणं) आणि मॅपिंग (त्यांचा क्रम आणि अंतर काढणं) यांचा चॅप्टर उघडा आणि त्यात थ्री-पॉइंट क्रॉस, म्हणजे तीन जीनचा एकत्र केलेला क्रॉस, शोधा. तिथे संततीचे आठ गट आणि त्यांचे आकडे असतील. आता बघा लेखक काय करतोय. 'सगळ्यात मोठे दोन गट पॅरेंटल, सगळ्यात छोटे दोन डबल क्रॉसओव्हर' (क्रोमोझोमच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल) एवढं सांगून तो पुढे गेला असेल तर पुस्तक खाली ठेवा. छोटे गट छोटेच का असतात, त्यांच्यावरून मधला जीन कसा ठरतो, अंतर काढताना डबल क्रॉसओव्हर दोन्हीकडे का मोजायचे, आणि अपेक्षेपेक्षा डबल कमी आले तर त्याचा अर्थ काय, हे तो पायरीपायरीने सांगत असेल तर हे पुस्तक तुम्हाला शिकवेल. १९१३ साली पहिला जीन मॅप छापणारा स्टर्टेव्हंट तेव्हा विद्यार्थीच होता, मॉर्गनच्या लॅबमधला, आणि त्याने वापरलेला विचार बीएस्सीच्या मुलाला कळण्यासारखाच आहे, फक्त कोणीतरी घाई न करता सांगायला हवा.

दुसरी गोष्ट बघा, काय-स्क्वेअर, म्हणजे मोजलेले आकडे अपेक्षित रेशोशी जुळतात का हे तपासायची टेस्ट. मेंडेलच्या डायहायब्रिडचे खरे आकडे ३१५, १०८, १०१ आणि ३२ आहेत, एकूण ५५६ बिया. पुस्तकात हे किंवा असे खरे आकडे घेऊन टेस्ट करून दाखवली आहे का? या आकड्यांवर काय-स्क्वेअर साधारण ०.४७ येतो, डिग्रीज ऑफ फ्रीडम ३, टेबलमधली मर्यादा ७.८१५, म्हणजे ९:३:३:१ नाकारायला काहीच कारण नाही. काही पुस्तकं आकडे बनवून अगदी ९०:३०:३०:१० करून देतात, त्यातून मुलाला वाटतं की खऱ्या प्रयोगात पण असंच येतं, आणि मग प्रॅक्टिकलला मक्याच्या कणसाचे दाणे मोजले की तो गोंधळतो.

तिसरी, माणसाच्या गुणांची यादी. जीभ वळवता येणं, कानाची पाळी चिकटलेली की सुटी, डोळ्यांचा रंग, हे सगळं 'एक जीन, एक डॉमिनंट एक रिसेसिव्ह' म्हणून टेबलात टाकलं असेल तर सावध व्हा. जीभ वळवण्याची गोष्ट १९४० मध्ये स्टर्टेव्हंटनेच मांडली होती, पण पुढे एकसारख्या जुळ्यांमध्ये एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही असं दिसलं आणि त्याने स्वतःच ते मागे घेतलं. डोळ्यांच्या रंगात बरेच जीन आहेत. जे पुस्तक आजही ही यादी तशीच छापतं त्याने बाकीचं पण कुठूनतरी उतरवलेलंच असण्याची शक्यता जास्त.

शेवटी चॅप्टरच्या मागचे प्रश्न मोजू नका, वाचा. 'व्याख्या लिहा, टीपा द्या' हेच असेल तर ते गाइड आहे.

४. पिअर्स, ग्रिफिथ्स, क्लग, स्नस्टॅड, हार्टवेल... सगळी नावं ऐकलीत, नेमका फरक काय?

पिअर्सबद्दल वर लिहिलंच. ग्रिफिथ्स आणि मंडळींचं 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू जेनेटिक अ‍ॅनालिसिस' माझं सगळ्यात आवडतं आहे आणि तरीही मी ते सगळ्यांना सुचवत नाही. नावातच अ‍ॅनालिसिस आहे आणि पुस्तक त्याला जागतं, म्युटंट (जीनमध्ये बदल झालेला जीव) मिळाला तर पुढे काय करायचं, कुठला क्रॉस लावायचा, निकाल आला तर काय म्हणायचं, असा सगळा मजकूर चालतो. प्रॉब्लेम अवघड आहेत. त्यात एखादा प्रॉब्लेम घेऊन तो सोडवण्याआधी त्याच्यावर वीस-पंचवीस छोटे प्रश्न विचारणारा एक भाग येतो, या शब्दाचा अर्थ काय, हे झाड हॅप्लॉइड की डिप्लॉइड, पालकांचा जीनोटाइप माहीत आहे का, वगैरे. तो भाग प्रामाणिकपणे केला की प्रॉब्लेम वाचायचा कसा हे कळतं, आणि बहुतेक मुलं अडकतात ती तिथेच.

क्लग आणि कमिंग्ज यांचं 'कॉन्सेप्ट्स ऑफ जेनेटिक्स' मध्यम वाट आहे, चित्रं छान, प्रत्येक चॅप्टरच्या शेवटी सोडवलेली उदाहरणं. स्नस्टॅड आणि सिमन्स यांचं 'प्रिन्सिपल्स ऑफ जेनेटिक्स' त्यामानाने आटोपशीर, आपल्याकडच्या लायब्ररीत बऱ्याच ठिकाणी असतं. हार्टवेल आणि मंडळींचं 'जेनेटिक्स: फ्रॉम जीन्स टू जीनोम्स' मॉलेक्युलरकडे जास्त झुकलेलं, लेखक लीलंड हार्टवेल म्हणजे यीस्टमधल्या सेल सायकलच्या कामासाठी २००१ चं नोबेल मिळालेले तेच, त्यामुळे म्युटंट शोधून जीनचं काम ओळखणं हा भाग त्यात मनापासून आलाय.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्रिफिथ्सच्या जुन्या प्रतींवर सुझुकी हे नाव आधी असतं, ते त्याच पुस्तकाचं आधीचं रूप आहे. तसंच गार्डनर, सिमन्स, स्नस्टॅड असं नाव दिसलं तर ते स्नस्टॅडच्या घराण्यातलंच.

५. मेंडेलपासून सुरू होणारं चांगलं की डीएनएपासून सुरू होणारं?

दोन्ही चालतात. रसेल यांचं 'आयजेनेटिक्स' तर दोन रूपांत निघालं होतं, एक मेंडेल आधी आणि एक मॉलेक्युलर आधी. तुमच्या सिलॅबसचा क्रम जो असेल तो धरा, चॅप्टर पुढेमागे वाचले तरी बिघडत नाही. फक्त मायोसिस (बीजपेशी बनवणारं पेशीविभाजन) पक्कं असल्याशिवाय मेंडेल वाचू नका, क्रोमोझोम कसे वेगळे होतात हे डोळ्यासमोर नसलं तर सेग्रिगेशन हा नुसता नियम होऊन बसतो.

६. एकाच लेखकाची 'कॉन्सेप्ट्स' आणि 'एसेन्शियल्स' अशी दोन पुस्तकं दिसतात, चुकून दुसरं घेतलं तर?

बिघडलं काही नाही. एसेन्शियल्स म्हणजे छोटी आवृत्ती, क्लगची पण आहे, पिअर्सची पण आहे. मुख्य विषय सगळे असतात, उदाहरणं आणि प्रॉब्लेम कमी असतात. ज्यांना जेनेटिक्स एकाच सेमिस्टरला आहे आणि पुढे केमिस्ट्रीकडे जायचंय त्यांनी तर छोटंच घ्यावं. नेट, जॅम (प्राध्यापकी-संशोधनासाठीची आणि एमएस्सी प्रवेशाची परीक्षा) वगैरे डोक्यात असेल तर मोठं घ्या (प्रश्न १४).

७. जुनी एडिशन चालेल का? निम्म्या किमतीत मिळतेय.

चालेल, बऱ्याच वेळा तीच घ्या. मेंडेल, सेक्स लिंकेज, मॅपिंग, कॉम्प्लिमेंटेशन टेस्ट, बॅक्टेरियातलं काँज्युगेशन, हार्डी-वाइनबर्ग (समूहात जीनोटाइपचं प्रमाण काढायचं सूत्र), हे पंचवीस वर्षांपूर्वी जसं होतं तसंच आज आहे. शिळा होतो तो जीनोमिक्सचा भाग. त्यासाठी एक झटपट चाचणी आहे, माणसात किती जीन आहेत ते इंडेक्समधून शोधून वाचा. एक लाखाच्या आसपास आकडा असेल तर पुस्तक जीनोम प्रोजेक्टच्या आधीचं, तीस-चाळीस हजार असेल तर २००१ च्या पहिल्या ड्राफ्टच्या सुमाराचं, प्रोटीन बनवणारे सुमारे वीस हजार लिहिलं असेल तर बऱ्यापैकी नवीन. मग क्रिस्पर आहे का बघा, ते २०१२ नंतरच्या पुस्तकातच जीन एडिटिंगचं साधन म्हणून येईल, आणि २०२० चं नोबेल त्यालाच मिळालं. शेवटपर्यंत पूर्ण वाचलेला मानवी जीनोम २०२२ मध्ये आला, तो अगदी ताज्या एडिशनमध्येच सापडेल.

एक-दोन एडिशन मागचं पुस्तक घेतलंत आणि शिकवणाऱ्यांनी नवीन एडिशनमधला 'प्रॉब्लेम नंबर अमुक' दिला तर नंबर जुळणार नाहीत, मित्राकडून फोटो मागवा, एवढाच त्रास. पण एक्सवायवाय क्रोमोझोम असलेला पुरुष गुन्हेगार प्रवृत्तीचा असतो असं लिहिलेलं फार जुनं पुस्तक हातात आलं तर ते शिकायला वापरू नका. तो दावा तुरुंगातल्या लोकांवर केलेल्या पाहणीतून आला होता आणि टिकला नाही.

८. आमचे सर म्हणतात स्ट्रिकबर्गरच वाचा. पण ते तर १९८५ चं आहे?

हो, तिसरी एडिशन १९८५ ची. तरीही सर चुकीचं सांगत नाहीयेत. क्लासिकल जेनेटिक्स इतक्या सविस्तर फार कमी ठिकाणी लिहिलंय, क्रोमोझोमची इन्व्हर्जन, ट्रान्सलोकेशन, पॉलिप्लॉइडी, क्वांटिटेटिव्ह जेनेटिक्स, प्रत्येक मुद्द्यामागे मूळ प्रयोग. मॉलेक्युलर भाग मात्र त्यातून वाचू नका. दुसरं पुस्तक म्हणून उत्तम, पहिलं आणि एकमेव म्हणून नको.

९. इंडियन एडिशन आणि परदेशी एडिशन, आतलं वेगळं असतं का?

बहुतेक वेळा मजकूर तोच, कागद पातळ आणि छपाई साधी, कव्हरवर 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' छापलेलं. चित्रं काळीपांढरी असतील तर कॅरिओटाइप (पेशीतल्या क्रोमोझोमचा मांडलेला फोटो) आणि फ्लोरोसन्सची चित्रं कळत नाहीत, तेवढी ऑनलाइन बघा. 'ग्लोबल एडिशन' लिहिलेलं असेल तर प्रश्नांचा क्रम बदललेला असू शकतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ किंवा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर आधी चक्कर मारा, प्रत हातात घेऊन प्रश्न ३ मधली चाचणी लावा आणि मग ठरवा.

१०. फुकट आणि कायदेशीर काही आहे का?

आहे की. ग्रिफिथ्सची सातवी एडिशन, २००० सालची, अमेरिकेच्या सरकारी ऑनलाइन ग्रंथालयात, एनसीबीआय बुकशेल्फवर, उघड वाचायला ठेवलेली आहे. पानं सलग उलटता येत नाहीत, शब्द टाकून शोधावं लागतं, त्यामुळे वाचत बसायला गैरसोयीचं पण एखादी गोष्ट अडली तर सोन्यासारखं. ओपनस्टॅक्सचं 'बायोलॉजी' मोफत उतरवता येतं, त्यातला जेनेटिक्सचा भाग प्राथमिक आहे पण पाया घालायला पुरतो. एनपीटीईएल आणि 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर आपल्याकडच्या प्राध्यापकांची लेक्चरं आहेत. एमआयटीने त्यांच्या जेनेटिक्सच्या कोर्सचे प्रॉब्लेम सेट ओपन कोर्सवेअरवर टाकलेत, ते जरूर करा, अवघड आहेत.

टेलिग्रामवरच्या चोरीच्या पीडीएफबद्दल विचारू नका, वरचं सगळं संपवेपर्यंत तुमची डिग्री होईल.

११. माझं दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, इंग्रजी पुस्तकाचं पान वाचायला अर्धा तास लागतो. काय करू?

आधी बालभारतीचं दहावीचं विज्ञान भाग २ काढा, पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे, तो मराठीत नीट वाचा. मग बारावीच्या बायोलॉजीच्या पुस्तकातले इनहेरिटन्स आणि मॉलेक्युलर बेसिसचे दोन चॅप्टर. हे झालं की पिअर्सचा तोच विषय घ्या, तोपर्यंत गोष्ट माहीत असते, फक्त भाषा नवी असते, आणि दोन अनोळखी गोष्टींशी एकदम भांडावं लागत नाही. सुरुवातीला पूर्ण चॅप्टर वाचायचा हट्ट करू नका, चित्र बघा, चित्राखालच्या ओळी वाचा, सोडवलेलं उदाहरण वहीत स्वतः उतरवा. तीन-चार चॅप्टरनंतर वेग वाढतो, कारण जेनेटिक्सची पुस्तकं तेच दोन-अडीचशे शब्द फिरवून फिरवून वापरतात.

१२. गणित कच्चं आहे, जमेल का?

जमेल. लागतं काय, तर 'आणि' असेल तिथे गुणाकार, 'किंवा' असेल तिथे बेरीज, थोडं बायनॉमिअल आणि काय-स्क्वेअर. उदाहरण घ्या. आईवडील दोघंही थॅलेसेमियाचे कॅरिअर (बिघडलेला जीन आहे पण आजार नाही), तीन मुलं, त्यातलं नेमकं एकच आजारी असण्याची शक्यता किती? एक मूल आजारी १/४, एक निरोगी ३/४, आजारी मूल पहिलं, दुसरं किंवा तिसरं असू शकतं म्हणून तीनने गुणायचं, ३ × १/४ × ३/४ × ३/४ म्हणजे २७/६४. हे कळलं असेल तर तुम्हाला लागणारं बरंचसं गणित येतं. प्रोबॅबिलिटीसाठी वेगळा भाग देणारं पुस्तक घ्या, आणि जास्त सराव हवा असेल तर शॉम सिरीजचं जेनेटिक्स आणा, ते सगळं सोडवलेल्या उदाहरणांचंच आहे.

१३. सोल्युशन मॅन्युअल घ्यावं का?

घ्या, पण कपाटात ठेवा. प्रॉब्लेमवर वीस मिनिटं झाली, कागदावर काहीतरी लिहून झालं, मगच उघडा. उत्तर आधी वाचलं की सगळं सोपं वाटतं आणि परीक्षेत कोरं पान समोर येतं. पिअर्स, ग्रिफिथ्स, क्लग तिघांचीही मॅन्युअल निघाली आहेत, एडिशन तुमच्या पुस्तकाशी जुळतेय ना तेवढं बघून घ्या.

१४. नेट लाइफ सायन्स किंवा जॅम द्यायचंय, मग कुठलं?

नेटमध्ये आठवं युनिट इनहेरिटन्स बायोलॉजीचं आहे आणि त्यातले मोठे प्रश्न बहुतेक डेटावरचे असतात, पेडिग्री, मॅपिंग, कॉम्प्लिमेंटेशन, काँज्युगेशनची वेळ. म्हणजे ग्रिफिथ्स. पण थेट ग्रिफिथ्सवर उडी मारू नका, दुसऱ्या वर्षाला पिअर्स, तिसऱ्याला ग्रिफिथ्सचे प्रॉब्लेम असं करा. कोचिंगच्या नोट्समध्ये शॉर्टकट असतात, ते चालतात तोपर्यंत चालतात.

१५. मी बीएस्सी अ‍ॅग्रीला आहे, मला पण हीच पुस्तकं का?

तुमचं थोडं वेगळं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली कुठेही असाल तरी तुमचं जेनेटिक्स प्लांट ब्रीडिंगकडे नेणारं आहे, त्यामुळे बी. डी. सिंग यांचं जेनेटिक्स तुमच्या पेपरशी जास्त जुळतं, आणि पुढे त्यांचंच प्लांट ब्रीडिंगचं पुस्तक लागणार आहे. हेटेरोसिस, मेल स्टेरिलिटी (परागकण निकामी असणं), क्वांटिटेटिव्ह गुण, कॉम्बायनिंग अ‍ॅबिलिटी हे अमेरिकन जनरल पुस्तकांत एकतर उरकलेलं असतं किंवा नसतंच. सायटोप्लाझमिक मेल स्टेरिलिटी वाचताना उदाहरण म्हणून आपली मालदांडी ज्वारी घ्या, तिच्यातून मिळालेला सायटोप्लाझम ज्वारीच्या संशोधनात मेल स्टेरिलिटीचा एक स्रोत म्हणून वापरला जातो. मात्र लिंकेज आणि मॅपिंग पिअर्समधूनच करा, ते तिथे जास्त उलगडून सांगितलंय.

१६. परदेशी पुस्तकांत आपल्याकडची उदाहरणं नसतात, त्याने काही अडतं का?

अडतं, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. सिकल सेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार) म्हटलं की त्या पुस्तकांत आफ्रिका आणि मलेरिया येतो. विदर्भात, नंदुरबारला, आदिवासी पाड्यांवर तो आजार रोजच्या जगण्यातला आहे हे त्यात सापडत नाही, किंवा एका ओळीत उरकतं.

दुसरं, हार्डी-वाइनबर्ग. त्यातली पहिली अट रँडम मेटिंग, म्हणजे कोणीही कोणाशीही. आपल्याकडे लग्नं जातीत, पोटजातीत होतात. अख्ख्या तालुक्याचे आकडे एकत्र करून सूत्र लावलं तर हेटेरोझायगोट (जीनची दोन वेगळी रूपं असलेले) अपेक्षेपेक्षा कमी निघतात, सिलेक्शन काहीच चालू नसतानाही, फक्त वेगवेगळे गट एकत्र मोजले म्हणून. याला वालुंड इफेक्ट म्हणतात, पॉप्युलेशन जेनेटिक्सचा चॅप्टर वाचताना इंडेक्समध्ये हे नाव आहे का बघा.

तिसरं, नात्यातली लग्नं. पुस्तकात फर्स्ट कझिनचं उदाहरण असतं, मुलाचा इनब्रीडिंग कोइफिशंट (जीनच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता) १/१६. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहे, तिथे हेच गणित लागतं, पण दक्षिणेत सख्ख्या मामाशी भाचीचं लग्न होतं आणि त्याचा कोइफिशंट १/८ येतो. बऱ्याच पुस्तकांत ते सोडवलेलं नसतं, पेडिग्री काढून स्वतः करून बघा, पाथ मोजायची पद्धत कायमची पक्की होते.

१७. दोन पुस्तकांत एकाच गोष्टीचं उत्तर वेगळं आहे, मॅडम तिसरंच सांगतात. कोणाचं धरू?

आधी बघा की प्रश्न एकच आहे का. नेहमीचं उदाहरण सिकल सेलचं. एक पुस्तक कोडॉमिनन्स म्हणतं, दुसरं इनकम्प्लीट डॉमिनन्स, तिसरं रिसेसिव्ह, आणि तिघंही बरोबर आहेत. हिमोग्लोबिन वेगळं करून बघितलं तर कॅरिअरमध्ये दोन्ही प्रकार दिसतात, ऑक्सिजन कमी असताना पेशींचा आकार बघितला तर मधलंच काहीतरी दिसतं, आणि आजार आहे का एवढंच विचारलं तर कॅरिअर साधारणपणे निरोगी असतो. डॉमिनन्स हा तुम्ही कुठल्या पातळीवर बघताय त्यावर ठरतो, आणि जे पुस्तक हे स्पष्ट लिहितं त्याला माझ्याकडून जास्त मार्क.

मॅपचं अंतर वेगळं येत असेल तर एकाने दोन जीनचा क्रॉस घेतलाय आणि दुसऱ्याने तीनचा, का ते बघा. दोनच जीन बघितले तर मधले डबल क्रॉसओव्हर नजरेतून सुटतात आणि अंतर कमी भरतं. हे सगळं तपासूनही फरक उरला तर पेपरात मॅडमचं लिहा आणि वहीत दोन्ही ठेवा.

१८. पुस्तकातल्या टेबलप्रमाणे माझा ब्लड ग्रुप आईबाबांच्या ग्रुपवरून येऊच शकत नाही. पुस्तक चुकीचं की काय?

हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी घाबरून विचारतं, म्हणून नीट लिहिते. आधी तिघांचे ग्रुप चांगल्या ब्लड बँकेत पुन्हा तपासून घ्या. जुन्या शाळेच्या कार्डावरचा किंवा शिबिरातल्या घाईतला ग्रुप चुकलेला असणं हे सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण आहे.

तरीही जुळलं नाही तर ए-बी-ओ चं टेबल एक गोष्ट गृहीत धरतं हे लक्षात घ्या, की एच अँटिजेन (लाल पेशींवरचा पाया, ज्यावर ए आणि बी बनतात) सगळ्यांकडे असतो. तो नसेल तर ए किंवा बी चा जीन असूनही ग्रुप ओ दिसतो. समजा आईला एच नाही पण बी चा जीन आहे, तिचा रिपोर्ट ओ. बाबा ए, त्यांच्याकडून एच आणि ओ चा जीन आला. मूल बी! टेबलप्रमाणे अशक्य, प्रत्यक्षात अगदी नियमात. हा बॉम्बे ब्लड ग्रुप, १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला, म्हणूनच जगभरच्या पुस्तकांत मुंबईचं नाव आहे. एपिस्टॅसिसचं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे, तुमच्या पुस्तकात जीन इंटरॅक्शनच्या चॅप्टरमध्ये असेल. तिथे नसेल, फक्त टेबल असेल आणि अपवादाचा उल्लेखही नसेल, तर प्रश्न ३ मधल्या चाचण्यांमध्ये हीसुद्धा धरा.

आणि घरात कोणाचा ग्रुप खरोखर बॉम्बे निघाला तर त्या माणसाला साधं ओ रक्त चालत नाही, फक्त बॉम्बेच चालतं, त्यामुळे ब्लड बँकेत नोंद करून ठेवा आणि भावंडांचीही तपासणी करून घ्या, कारण एकाच आईबाबांच्या मुलांत दुसरं कोणी तसं निघण्याची शक्यता बाहेरच्यांपेक्षा कितीतरी जास्त असते.